आवळलं म्हणूनच फाटलं!

बालमित्रांनो, आज सुरुवात एका कोड्याने करू या.

एक वस्तू आहे. ती ढिली राहिली तर घात होतो, म्हणून घट्ट आवळली. चांगली दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन आवळली. आणि अशी आवळली म्हणूनच ती फाटली! ओळखा पाहू, काय ते?

नाही ना येत? मलाही आलं नव्हतं. माझ्या दादाला तर मुळीच आलं नव्हतं, आणि त्यापायी तो एका भल्या माणसाशी भांडूनही आला होता. ही सगळी हकिकत यंदाच्या उन्हाळ्याच्या सुटीतली. गाडीची आहे, पण ज्यांच्या घरी गाडी नाही त्यांनी पान उलटू नका हं. शेवटी सगळ्यांच्या उपयोगाचं काहीतरी आहे.

दादाची लाडकी गाडी

माझा दादा छत्रपती संभाजीनगरला असतो. (आम्ही लहान होतो तेव्हा औरंगाबाद म्हणायचो.) तो वाळूजच्या एका कारखान्यात काम करतो. त्याला गाड्यांचं भारी वेड. चार वर्षांपूर्वी त्याने एक जुनी गाडी घेतली, ऑक्टाव्हिया आरएस. गाडी आहे जवळजवळ वीस वर्षांची. घरात सगळ्यांनी विचारलं, ‘‘अरे, नवी छोटी का नाही घेतलीस?’’ तर म्हणाला, ‘‘हिच्यासारखी पळणारी त्या पैशात नवी मिळेल का?’’

खरंच आहे ते. त्या गाडीला १.८ लिटरचं टर्बो इंजिन आहे. ताकद सुमारे १५० अश्वशक्ती. आपल्या जुन्या मारुती ८०० ची ताकद चाळिशीच्या आतली, म्हणजे हिशेब तुम्हीच करा! शिवाय शहराजवळ शेंद्र्याला औद्योगिक वसाहत आहे ना, तिथल्या कारखान्यात ऑक्टाव्हिया गाड्या जोडल्या जायच्या. त्यामुळे दादा तिला ‘आपल्या गावची लेक’ म्हणतो.

तर मी मे महिन्यात दादाकडे गेले. दोन दिवसांनी आम्ही सगळे चाळीसगावला आईकडे जाणार होतो. दादाची मुलगी सातवीत आहे, मुलगा चौथीत. दोघंही आजीकडे जायचं म्हणून नाचत होती. संध्याकाळी आम्ही गाडीतून भाजी आणायला गेलो. गतिरोधक आला की पुढून आवाज यायचा, टक्... टक्! खड्डा आला की पुन्हा टक्! दादाने काय करावं? गाण्यांचा आवाज मोठा केला!

वहिनी म्हणाली, ‘‘बघा वन्सं, महिनाभर हा असाच उपाय चाललाय.’’

दादाने एका रिक्षामागे जरा जोरात ब्रेक दाबला, तर गाडीचं तोंड हलकेच डावीकडे ओढलं गेलं. मागच्या सीटवरून पुतणी म्हणाली, ‘‘बाबा, गाडी वाकडी का गेली?’’

आता मात्र दादा गप्प झाला. चाळीसगावच्या वाटेवर कन्नडचा घाट आहे. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी आणि वळणावर वळण. तिथे ब्रेक दाबला आणि गाडी वाकडी गेली तर?

गाडीचे गुडघे

आवाज कुठून येत होता ते कळायला गाडीच्या पोटाखाली डोकवायला हवं.

बैलगाडीची चाकं आसाला आणि आस गाडीला थेट जोडलेला असतो. म्हणून दगड चाकाखाली आला की धक्का थेट आपल्या पाठीत! मोटारीत तसं चालणार नाही. चाक वर-खाली व्हायला हवं, पण पुढं-मागं किंवा आत-बाहेर हलायला नको. तुमचा गुडघा बघा. तो वाकतो, पण वाटेल त्या दिशेला वाकत नाही. गाडीच्या चाकालाही असाच गुडघा लागतो.

अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने यासाठी एक सोपी रचना शोधली. १९५० साली लंडनच्या मोटार-प्रदर्शनात फोर्ड कंपनीच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्या मांडल्या गेल्या, त्यांत ती होती. वरच्या बाजूला एकच उभा खांब. त्यात स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र. स्प्रिंग धक्का झेलते, आणि शॉकअप स्प्रिंगला उगाच नाचत राहू देत नाही. खालच्या बाजूला एक लोखंडी हात, त्याला गॅरेजवाले ‘लोअर आर्म’ म्हणतात. या हाताचं बाहेरचं टोक चाकाला धरून ठेवतं. तिथे खांद्यासारखा गोल सांधा असतो, तो बॉल जॉइंट. आतलं टोक गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जोडलेलं. तिथे असतात रबरी बुश. ही रचना इतकी सुटसुटीत, की मारुती ८०० मध्येही पुढे तीच आणि दादाच्या पळणाऱ्या गाडीतही तीच!

आता हा बुश म्हणजे काय? एक बाहेरची लोखंडी नळी, तिच्या आत एक छोटी नळी आणि दोघींच्या मध्ये रबर भरलेलं. नुसतं कोंबलेलं नाही, तर दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटवलेलं. चार्ल्स गुडइयर या माणसाने १८३९ साली रबरात गंधक मिसळून ते तापवलं, तेव्हापासून रबर उन्हात चिकट न होणारं आणि थंडीत न तडकणारं झालं. त्याआधीचं रबर असल्या कामाला उपयोगी पडलंच नसतं.

आतल्या नळीतून बोल्ट जातो. बाहेरची नळी लोअर आर्ममध्ये घट्ट बसते. चाक वर-खाली झालं की आर्म हलतो आणि मधलं रबर पीळ खातं, परत सरळ होतं. पीळ खा, सरळ हो, पीळ खा, सरळ हो. दिवसातून हजारो वेळा! बिचाऱ्याला ना तेल, ना ग्रीस. आणि ब्रेक दाबला की चाक मागे ओढलं जातं, तेव्हा त्याला जागेवर धरायचं कामही याच मुठीएवढ्या रबराचं. रबर फाटलं की आर्म मागे सरकतो, आणि गाडी वाकडी ओढली जाते. कळलं ना आता?

भांडणाची गोष्ट

‘‘पण दादा,’’ मी विचारलं, ‘‘बुश तर तू मागच्या दिवाळीच्या सुटीतच बदललेस ना?’’

झालं! दादाचा पारा चढला. ‘‘तेच तर! सहा महिन्यांत फाटले. दुकानदाराने डुप्लिकेट माल गळ्यात मारला. परवा दुकानात जाऊन चांगलं सुनावून आलोय.’’

‘‘मग ते काय म्हणाले?’’

‘‘काय म्हणणार? खोका दाखवला, बिल दाखवलं. म्हणे, इतकी वर्षं हाच माल विकतो, कोणाची तक्रार नाही. मी ऐकून घेतलं नाही.’’

दादाने बुश स्वतः बदलले होते. अंगणात, गाडी जॅकवर उचलून, खाली लोखंडी स्टँड लावून. काम नीट केलं होतं त्याने. पण मग बुश फाटले कसे? वहिनी म्हणाली, ‘‘ते काही नाही. उद्या मिस्त्रीकाकांना दाखवल्याशिवाय मुलांना या गाडीत बसवायचं नाही.’’

मिस्त्रीकाका दादाच्या गल्लीतच राहतात. एसटीच्या चिकलठाण्याच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेत. घरामागे छोटंसं गॅरेज आहे, आणि त्यात गाडीखाली उभं राहून काम करायला सिमेंटचा खड्डा आहे.

मिस्त्रीकाकांची तपासणी

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही सगळे तिथे हजर. पुतणीने माझी शिवणाची टेप घेतली होती. तिला प्रत्येक गोष्ट मोजायची सवय. गाडी उभी असताना तिने पुढच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजलं आणि वहीत लिहिलं, साडेछत्तीस सेंटिमीटर. कशासाठी, ते तिलाही ठाऊक नव्हतं!

काकांनी मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. मग गाडी पुढून उचलली आणि दोन्ही बाजूंना स्टँड ठेवले. मुलांना म्हणाले, ‘‘हे नीट बघा. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. जॅक कधी बसेल सांगता येत नाही.’’

मग त्यांनी चाक वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरून हलवलं. टक्! बॉल जॉइंट ढिला झाला होता. त्याची रबरी टोपी फाटून आत धूळ गेली होती. ‘‘हा सुटला तर चाक आडवं पडतं,’’ काका म्हणाले. वहिनीने दादाकडे पाहिलं. दादा वर छताकडे पाहत होता!

लोअर आर्म आणि सांगाडा यांच्या फटीत टॉमी घालून त्यांनी अलगद जोर दिला. रबर फाटून उघडं पडलेलं दिसलं. दोन्ही बाजूंचं. लिंक रॉडचे छोटे सांधेही खुळखुळत होते. शॉकअपवर मात्र तेल ओघळलेलं नव्हतं, गाडी दाबून सोडली की एकदा वर येऊन थांबत होती. ‘‘ते चांगले आहेत, त्यांना हात लावायचा नाही,’’ काका म्हणाले. ‘‘बदलायचं ते बदलायचं, उगाच सगळं नाही.’’

दादाने काकांच्या चिठ्ठीप्रमाणे सामान आणलं. दोन्ही बाजूंचे बुश, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड. एका बाजूचा आणला तर दोन पायांत दोन वेगळे बूट घातल्यासारखं होतं, म्हणून जोडीने बदलायचे. काही बोल्टही नवे आणले, कारण ते आवळताना ताणले जातात आणि काढलेले परत वापरू नयेत असं कंपनीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात सांगितलेलं असतं.

टेपने लावलेला शोध

काकांनी आर्म काढून जुने बुश प्रेसवर दाबून बाहेर काढले आणि दोन्ही बुश दादाच्या हातात ठेवले. ‘‘बघ जरा. काय दिसतं?’’

‘‘फाटलेत. डुप्लिकेट रबर!’’

‘‘अरे, रबरच वाईट असतं तर कुठेही तडकलं असतं. हे दोन्ही एकाच तऱ्हेने फाटलेत. पिळून पिळून, एकाच दिशेला. मला सांग, तू हे बोल्ट कधी आवळलेस? गाडी जॅकवर असताना?’’

‘‘हो, म्हणजे काय! वरच असताना. चाक लावायच्या आधी. चांगले घट्ट आवळले.’’

काका हसले. इतक्यात पुतणी चाकाच्या जागी टेप लावून बसली होती. ती ओरडली, ‘‘आत्या, हे बघ! मघाशी साडेछत्तीस होतं, आता पंचेचाळीस आहे! चाकाची जागा खाली कशी गेली?’’

‘‘शाब्बास!’’ काका म्हणाले. ‘‘उत्तर या पोरीच्या टेपमध्ये आहे.’’

मुलांनो, आता कंपासपेटीतला कोनमापक आठवा. गाडी वर उचलली की चाकावरचा भार जातो, स्प्रिंग मोकळी होते आणि आर्म खाली लोंबतो. समजा, २० अंश खाली लोंबला. आता बोल्ट आवळला की आतली नळी त्याच जागी पक्की होते. म्हणजे रबराला वाटतं, ‘हीच माझी सरळ बसायची जागा.’ मग गाडी खाली उतरवली. आर्म २० अंश वर आला, आणि रबराला २० अंशांचा पीळ पडला. गाडी नुसती दारात उभी असली तरी पीळ आहेच! पुढे खड्ड्यात चाक आणखी १० अंश वर गेलं की पीळ ३० अंशांचा.

आणि गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर उभी असताना बोल्ट आवळला असता तर? उभी असताना पीळ शून्य. खड्ड्यात वर १० किंवा खाली १०. बस्स! त्यामुळे पहिला बुश काही महिन्यांत फाटतो आणि दुसरा वर्षानुवर्षं टिकतो. रबर तेच, बोल्ट तोच, जोरही तेवढाच. चुकली होती फक्त आवळायची वेळ.

मला माझा चौथीचा वर्ग आठवला. मागच्या वर्षी भिंतीकडेच्या बाकावरची दोन मुलं दुपारनंतर सारखी चुळबूळ करायची. मी रागवायचे. मग एकदा मीच त्या बाकावर जाऊन बसले. फळा बघायला मान पूर्ण वळवावी लागत होती! दहा मिनिटांत माझीच मान अवघडली. मुलं वाईट नव्हती, बाक चुकीचा ठेवला होता. आपण बिघाड बघतो आणि लगेच बिघडलेल्यालाच दोष देतो, नाही का?

‘आता आवळ!’

नवे बुश बसवले, नवे बॉल जॉइंट लावले, लिंक रॉड जोडले. बुशचे बोल्ट मात्र काकांनी हातानेच फिरवून नुसते अडकवून ठेवले. मग चाकं लावली आणि गाडी सावकाश स्टँडवरून उतरवून, हातांनी ढकलत खड्ड्यावर आणली. चारही चाकं जमिनीवर. दादा आणि वहिनीने पुढची बाजू दोन-तीनदा दाबून सोडली, म्हणजे सगळं आपापल्या जागी बसतं. पुतणीने टेप लावली, साडेछत्तीस!

‘‘आता आवळ,’’ काका खड्ड्यातून म्हणाले. दादा खाली उतरला. काकांनी त्याला मापाचा पाना दिला. किती जोर लागला हे दाखवणारा पाना असतो तो. जोरही ठरलेला असतो, कमी नको आणि जास्तही नको.

दुपारी चाकांची अलाइनमेंट करून घेतली. खालचे भाग बदलले की चाकांचे कोन थोडे हलतात, आणि कोन चुकला तर टायर एका कडेने झिजतो. मग चक्कर मारली. गतिरोधक आला. आम्ही सगळे कान टवकारून बसलो. काही नाही! दादाने मोकळ्या रस्त्यावर मागेपुढे बघून ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. चौथीतल्या वीराने टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं, आता घरी जायचं. पण दादाने गाडी बाजारपेठेकडे वळवली आणि त्या दुकानासमोर थांबवली. मी आणि मुलं गाडीतच होतो, काच खाली होती. दादा जरा वेळ पायरीवर घुटमळला. मग आत जाऊन म्हणाला, ‘‘शेठ, तुमचा माल चांगला होता. चूक माझी होती. परवा चार गिऱ्हाइकांसमोर तुम्हाला बोललो, त्याचं वाईट वाटतं.’’

शेठनी चष्मा वर केला. म्हणाले, ‘‘आता आवाज येतो का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग झालं तर. बसा, चहा सांगतो.’’

दुसऱ्या दिवशी आम्ही चाळीसगावला गेलो. कन्नडच्या घाटात दादाने गाणी बंद ठेवली होती. मुद्दामच. म्हणाला, ‘‘गाडी काय बोलते ते ऐकू दे.’’

करून पाहा

खुर्चीवर ताठ बसा. नाक समोर. आता फक्त मान डावीकडे, उजवीकडे थोडी थोडी वळवा, वीस वेळा. काही त्रास नाही ना? आता मान शक्य तितकी उजवीकडे वळवून तिथेच ठेवा, आणि तिथून आणखी उजवीकडे बघायचा प्रयत्न करा. (जोर लावू नका, हळूच!) किती वेळ जमतं? चुकीच्या जागी आवळलेल्या बुशला असंच वाटत असणार.

आई-बाबांसाठी

गाडी दुरुस्त करून घेताना मिस्त्रींना एवढंच विचारा, ‘‘आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळणार ना?’’ चांगला मिस्त्री रागावणार नाही, उलट खूश होईल. स्प्रिंग दाबून काढायचं काम तर घरी करूच नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतू शकतं. आणि नवा आवाज आला तर गाण्यांचा आवाज वाढवू नका!

या आठवड्याचा प्रश्न

बैलगाडीला स्प्रिंग नसते, तरी ती शेतातल्या ढेकळांतून जाताना मोडत का नाही? आणि मोटार बैलगाडीइतक्याच हळू चालवली तर तिला स्प्रिंगची गरज पडेल का? आजोबांना विचारा, गावच्या सुताराला विचारा, आणि उत्तर लिहून पाठवा.

तुमची,
बाई